‘ढगफुटीसदृश’च्या आड

मराठी बातम्यांना अलीकडे एक शब्द फार आवडू लागला आहे: ‘ढगफुटीसदृश’. विजांच्या कडकडाटात तासभर पाऊस कोसळला, ओढ्याला पूर आला, एक गाडी आणि दोन माणसं वाहून गेली, की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला. त्यातलं ‘सदृश’ मोठं मजेशीर आहे. ढग फुटला म्हणायला पुरावा नसतो, नाही फुटला म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून शब्द मध्येच टेकून बसतो. भारतीय हवामान विभागाची व्याख्या तशी नेमकी आहे: साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस. पण बातमीला व्याख्येशी देणंघेणं नसतं. तिला आरोपी हवा असतो, आणि आभाळाइतका सोयीचा आरोपी कुठे मिळणार? त्याला नोटीस बजावता येत नाही.

ग्रामीण भागात गडगडाटी पावसाने जे अचानक पूर येतात, त्यांत माणसं का मरतात याचं उत्तर मला आभाळात सापडत नाही. ते पाणी जिथे रस्ता ओलांडतं तिथे त्या वेळी कोण होतं, किती वाजले होते आणि त्याला काय कळवलं गेलं होतं, यात ते सापडतं. पाऊस कुणाच्या हातात नाही. या तिन्ही गोष्टी हातातल्या आहेत, आणि नेमक्या त्यांच्यावरच सगळ्यांत कमी पैसा आणि सगळ्यांत कमी डोकं खर्च होतं.

आधी थोडा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक चौरस किलोमीटरवर दहा लाख लिटर. दहा चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र असलेला ओढा घ्या, ज्याला नकाशावर बहुधा नावही नसतं. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे ढगफुटीच्या निम्मा, तर पन्नास कोटी लिटर पाणी झालं. त्यातलं निम्मं मुरलं असं उदार मनाने धरू. उरलेलं पंचवीस कोटी लिटर तासाभरात वाट काढू लागलं तर सेकंदाला सुमारे सत्तर हजार लिटर, म्हणजे सत्तर टन. सकाळी चपला हातात घेऊन जो ओलांडला, त्याच ओढ्यातून. प्रत्यक्षात पाणी इतक्या सुबक हिशेबाने येत नाही. लोंढ्याचा माथा सरासरीच्या वर जातो. आणि निम्मं मुरेल हेही दरवेळी खरं नाही. तापून घट्ट झालेल्या उघड्या जमिनीवर टपोऱ्या थेंबांच्या माऱ्याने वरचा थर लिंपल्यासारखा होतो आणि पाणी आत जाण्याऐवजी वरून घसरतं. वणवा लागून गेलेल्या डोंगरउतारावर तर जळालेल्या पाल्याचा मेणचट थर मातीत बसतो, तिथे मुरण्याचं नावच नको. आधीच्या दोन दिवसांच्या रिपरिपीने जमीन तुडुंब झालेली असेल तरी तेच.

तेव्हा ‘ही ढगफुटी होती का’ हा प्रश्न वादविवादापुरता ठीक आहे, ओढ्याकाठच्या माणसाच्या काही कामाचा नाही. त्याच्या कामाचा प्रश्न असा, की आज जमीन जशी आहे तशी धरून, पुढच्या एका किंवा तीन तासांत किती पाऊस पडला तर हा ओढा पात्राबाहेर येईल? हा प्रश्न मी शोधलेला नाही. जागतिक हवामान संघटनेने अनेक देशांत उभारलेली अचानक पुराची मार्गदर्शक प्रणाली याच प्रश्नावर चालते. दक्षिण आशियासाठीची प्रणाली ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाली. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंका असे पाच देश त्यात आहेत आणि केंद्र भारतीय हवामान विभागाकडे आहे. लहान लहान पाणलोटांनिहाय पुढच्या सहा तासांचा धोका आणि चोवीस तासांची जोखीम त्यातून निघते. म्हणजे विचार करणाऱ्यांनी विचार केला आहे. अडतं ते त्यापुढे, आणि तिथे कसं अडतं हे सांगण्याआधी वादळाबद्दल थोडं सांगायला हवं.

एकटा गडगडाटी ढग अल्पायुषी असतो. अर्धा तास, फार तर तासभर गर्जतो आणि स्वतःच्याच पावसाने खाली येणाऱ्या गार हवेने विझतो. घात होतो तो दोन प्रकारांनी. वरच्या हवेत वारा मंद असेल तर ढग पुढे सरकतच नाही, जागच्या जागी रिता होत राहतो. किंवा ढगामागून ढग त्याच टापूवरून जात राहतात, आगगाडीचे डबे एकाच फाटकावरून जावेत तसे. डोंगर असेल तर दमट वारा त्यावर चढत राहतो आणि ढगाला पुरवठा तुटत नाही. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत बिग थॉम्पसन नावाच्या नदीच्या घळीवर असंच एक वादळ ठाण मांडून बसलं. चारेक तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस झाला. घळीत सुट्टीसाठी आलेले लोक होते. १४४ माणसं गेली. त्यांत अनेक जण असे होते की ज्यांनी गाडी काढली आणि पाण्याच्या पुढे पळून जाण्याचा प्रयत्न केला. घळीतला रस्ता नदीच्या कडेकडेनेच जात होता, म्हणजे ते पुराच्याच वाटेवरून पुराशी शर्यत लावत होते. गाडी सोडून वर चढून बसलेले वाचले. त्यानंतर तिथल्या घळींमध्ये पाट्या लागल्या: पूर आला तर वर चढा. सरकारी पाटी इतकी नेमकी असू शकते, याचं मला अजून नवल वाटतं. ‘सावधान’, ‘दक्षता घ्या’, ‘सतर्क राहा’ यांतलं काहीही तिच्यावर नाही. पायांनी काय करायचं ते सांगितलं आहे.

आता इशाऱ्याकडे येऊ. अचानक पुराचा सगळ्यांत क्रूर भाग हा की पाऊस आणि पूर एका ठिकाणी असायची गरज नसते. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप घळीत अकरा पर्यटक बुडाले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर पाऊस नव्हता. तो काही मैल दूर पडला होता. २९ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनच्या व्हॅलेन्सिया प्रांतात वरच्या अंगाला तुरीस इथे एका तासात १८४ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला, तो त्या देशाचा उच्चांक आहे. खालच्या अंगाच्या पायपोर्तासारख्या गावांत त्या संध्याकाळी पाऊस जवळजवळ नव्हता. एरवी कोरडा असणारा ओढा आला आणि गावं बुडवून गेला. प्रांतात २२० हून अधिक माणसं मेली. आणि इथेच लक्ष द्यायला हवं: हवामान खात्याचा लाल इशारा सकाळीच निघालेला होता. लोकांच्या मोबाइलवर ओरडत जाणारा आणीबाणीचा संदेश गेला रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी. तोवर कित्येक ठिकाणी पाणी छातीपर्यंत आलं होतं.

यावरून ‘अंदाज चुकला’ असं म्हणता येत नाही. अंदाज बरोबर होता. सकाळचा लाल रंग आणि संध्याकाळी गाडीची किल्ली हातात घेतलेला माणूस यांच्यामध्ये कोणी नव्हतं. लाल म्हणजे काय? कामावर जायचं नाही? ओढ्याकाठची गाडी हलवायची? मुलांना शाळेतून लवकर आणायचं, की शाळेतच ठेवायचं? जिल्हाभरासाठी एकच रंग दिला की त्या जिल्ह्यातल्या शंभर ओढ्यांपैकी नव्व्याण्णव त्या दिवशी शांत राहतात आणि शंभरावा माणसं नेतो. नव्व्याण्णव ओढ्यांवरचे लोक पुढच्या वेळी लाल रंगाकडे बघत नाहीत. त्यांना बेफिकीर म्हणणं सोपं आहे. मला तर ते अनुभवी वाटतात. त्यांच्या ओढ्यावर खरंच काही झालेलं नसतं.

खेड्याला आणखी एक तोटा भूगोलानेच दिला आहे. हवामान रडारची किरणशलाका सरळ जाते आणि पृथ्वी तिच्याखाली वाकत जाते. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेली शलाका शंभर किलोमीटरवर जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच असते, दोनशे किलोमीटरवर चार किलोमीटर. म्हणजे रडारपासून लांबच्या गावावर ढगाच्या पोटात काय शिजतंय ते दिसतं, तळाशी किती कोसळतंय ते नीट दिसत नाही. मध्ये डोंगर आला तर तेही नाही. रडार जिथे बसवतात तिथून दूर काय असतं? खेडी. पर्जन्यमापकही विरळ. चार-पाच किलोमीटर रुंदीचं वादळ दोन मापकांच्या मधून पसार होतं आणि कागदावर त्या दिवशीचा पाऊस ‘मध्यम’ राहतो. मग नुकसानीचा पंचनामा करायला आलेला माणूस विचारतो, एवढा पूर आला कुठून?

आता फरशी पुलाकडे येतो, कारण खरा विषय तोच आहे.

ओढ्यावर टाकलेली काँक्रीटची फरशी, खाली दोन-तीन नळे, कडेला कठडा नाही, असला तर गुडघ्याएवढा. वर्षातले साडेतीनशे दिवस हा पूल उत्तम काम करतो आणि स्वस्तात करतो. उरलेल्या दिवसांतल्या काही तासांत तो सापळा असतो. रात्री गाडीच्या दिव्यांत फरशीवरून वाहणारं पाणी सपाट दिसतं. काळसर, चकाकतं, ओल्या डांबरासारखं. खोली दिसत नाही, वेग तर मुळीच दिसत नाही, कारण पाण्यावर नजर ठरायला काही नसतं. एखादी काटकी सर्रकन आडवी निघून गेली तरच कळतं. पलीकडची चढण दिव्यांत स्पष्ट दिसते, वीस पावलांवर. आधीची गाडी गेली तिच्या चाकांचे ओले पट्टे त्या चढणीवर अजून वाळलेले नसतात. माणूस त्या पट्ट्यांकडे बघून ठरवतो. दिवसाउजेडी कधी उभं राहायची वेळ आली तर पाण्याच्या कडेला एक दगड ठेवून बघा. लोंढा चढता असेल तर दगड कडेचा राहायला फार वेळ लागत नाही. पण हा प्रयोग पावसात, रात्री, मागे दुसरी गाडी हॉर्न देत असताना कोणी करत नाही.

गाडी वाहून जाते ती का, याचाही हिशेब साधा आहे. चार मीटर लांब आणि एक मीटर साठ सेंटीमीटर रुंद अशी लहान मोटार धरा. पाणी तिच्या तळाला टेकलं की त्यापुढे चढणारं प्रत्येक दहा सेंटीमीटर पाणी तिला सहाशे किलोहून जास्त जोराने वर उचलू लागतं. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. म्हणजे तळाच्या वर जेमतेम वीतभर पाणी आलं की चाकांवर भारच उरत नाही, आणि तळ रस्त्यापासून सतरा-अठरा सेंटीमीटर उंच असतो. एकूण झालं फूटभर, थोडं वर. पाणी फार झिरपून आत येईपर्यंत गाडी होडीसारखी वागते आणि वाहतं पाणी तिला बाजूने ढकलतं; पाण्याचा वेग दुप्पट झाला की तो रेटा चौपट होतो. चालत्या माणसाला तर वेगाने वाहणारं सहा इंच पाणी आडवं करतं. दोन फूट पाणी मोठ्या जीपगाड्याही नेतं. अमेरिकेत पुरात बुडून मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक गाडी पाण्यात घातल्यामुळे मरतात, असं तिथल्या आरोग्य यंत्रणेचं सांगणं आहे. आणि यात फरशी शाबूत आहे असं धरलं आहे. कडेला खोली दाखवणारा रंगवलेला खांब असतो, तो ‘दोन फूट’ म्हणतो. फरशीखालचा भराव निघून गेला असेल तर खांब तरीही दोन फूटच म्हणतो.

इथे एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पाणी दिसत असताना घातलीच कशाला गाडी?’ बातमीत याचंच ‘धाडस अंगलट’ होतं. मला हे वाक्य अप्रामाणिक वाटतं. शहरातल्या माणसाला एक रस्ता बंद झाला तर दुसरा असतो. खेड्यातल्या माणसाचं घर, गोठा, म्हातारी आई हे सगळं ओढ्याच्या पलीकडे असतं आणि वळसा असतो चाळीस किलोमीटरचा, त्यात असेच आणखी तीन पूल. त्याने हाच पूल गेल्या दहा वर्षांत पन्नास वेळा पाण्यातून ओलांडलेला असतो. पन्नास वेळा तो बरोबर ठरलेला असतो. एक्कावन्नाव्यांदा ओढ्याच्या वरच्या अंगाला काय झालं आहे हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं. ज्याला माहिती नाही आणि पर्याय नाही त्याच्या निर्णयाला धाडस म्हणायचं, आणि ज्याने पर्याय दिला नाही त्याने पाटी लावून मोकळं व्हायचं, ही वाटणी मला मान्य नाही.

बेपर्वाई नसतेच असं नाही. असते. ट्रॅक्टरवाल्याचा आत्मविश्वास हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण १७ जुलै १९८७ ला टेक्सासमधल्या ग्वादालुपे नदीवर काय झालं ते बघा. कम्फर्ट गावाजवळच्या एका शिबिरातून मुलांना पुराच्या भीतीनेच बाहेर काढत होते. बस सखल पुलावरच्या पाण्यात बंद पडली. दहा किशोरवयीन मुलं बुडाली. तिथे धाडस कोणी केलं होतं? मोठी माणसं जबाबदारीनेच वागत होती. फक्त सुटकेचा रस्ता त्याच पाण्यातून जात होता.

आता काळवेळेचं. नैऋत्य इंग्लंडमधली दोन किनारी गावं, लिनमथ आणि बॉसकॅसल. दोन्ही अरुंद, चढ्या दरीच्या तोंडाशी वसलेली. लिनमथवर १५ ऑगस्ट १९५२ च्या रात्री पूर आला, ३४ माणसं गेली. बॉसकॅसलवर १६ ऑगस्ट २००४ च्या दुपारी आला. पाऊस दोन्हीकडे तुलना करण्यासारखा होता, दोनशे मिलिमीटरच्या आगेमागे. बॉसकॅसलमध्ये गाड्या समुद्रापर्यंत वाहत गेल्या, घरं पडली, शंभरच्या आसपास माणसांना हेलिकॉप्टरने छपरांवरून उचललं. एकही मेलं नाही. पन्नास वर्षांत साधनं सुधारली हे खरंच, पण हेलिकॉप्टरला छपरावरचा माणूस दिसला तो उजेड होता म्हणून. गडगडाटी ढग बहुधा दुपारी वाढतात आणि संध्याकाळी कोसळतात. लोंढा खाली पोचेपर्यंत अंधार झालेला असतो. लेहमध्ये ऑगस्ट २०१० मध्ये दोनशेहून अधिक माणसं गेली तीही रात्रीच, आणि तो वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पावसाचा प्रदेश आहे. त्यामुळे रात्रीचा इशारा ही वेगळी व्यवस्था मानली पाहिजे. दिवसाच्या इशाऱ्याची ती नक्कल असून चालत नाही. झोपलेल्या माणसाचा फोन उशाशी असतो पण आवाज बंद असतो, किंवा दरीत रेंज नसते, किंवा वादळाने पहिल्या अर्ध्या तासातच वीज घालवलेली असते.

याच ग्वादालुपेवर ४ जुलै २०२५ च्या पहाटेआधी पुन्हा पूर आला. पाऊण तासात नदी सव्वीस फूट चढली. टेक्सासच्या त्या टापूत १३० हून अधिक माणसं गेली. नदीकाठच्या एका शिबिरातल्या सत्तावीस मुली आणि तरुण सहायिका त्यांत होत्या. हवामान खात्याचा अचानक पुराचा इशारा रात्री एक वाजून चौदा मिनिटांनी निघाला होता. तिथल्या परगण्यात नदीकाठी भोंगे बसवायचा विषय काही वर्षांपूर्वी निघाला होता आणि खर्चापायी मागे पडला होता. खालच्या अंगाच्या कम्फर्ट गावाने भोंगे बसवलेले होते. तिथे ते वाजले, आणि त्या गावात कोणी मेलं नाही. सगळं श्रेय भोंग्याला देऊ नये. पूर तिथवर पोचेपर्यंत दिवस उजाडला होता आणि वरून बातमीही आली होती. पण वाजवायला काहीतरी होतं आणि कोणाला तरी ते वाजवायचा अधिकार होता, एवढं खरं.

अधिकार हा शब्द मी मुद्दाम वापरतो. फरशी पूल रात्री दोन वाजता बंद करायचा कोणी? हा प्रश्न विचारला की कागद वरवर सरकू लागतो. रस्ता एका खात्याचा, ओढा दुसऱ्याचा, इशारा तिसऱ्याचा, आणि माणूस मेला की मदत चौथ्याची. अर्ध्या तासात चढणाऱ्या पाण्यासमोर ही साखळी हास्यास्पद आहे. माझी मागणी म्हणून मोठी नाही: प्रत्येक धोक्याच्या पुलाजवळ राहणारा, नाव ठरलेला, मानधन मिळणारा माणूस, त्याच्याकडे फाटकाची किल्ली, आणि वरच्या अंगाच्या गावातून फोन आला की कोणालाही न विचारता फाटक लावायचा लेखी अधिकार. चुकीने लावलं तर त्याला जाब विचारायचा नाही, हेही लेखी. जिथे परवडेल तिथे पाण्याची पातळी मोजून आपोआप पेटणारे दिवे आणि पडणारी आडवी दांडी. ही यंत्रं आहेत, चालतात, पण बॅटरी चोरीला गेली की बंदही पडतात. म्हणून माणूस हवाच.

प्रत्येक ओढ्यावर उंच पूल बांधा, हा उपाय सभेत टाळ्या मिळवतो. तो परवडणारा नाही आणि नेहमी बराही नसतो. अरुंद गाळ्यांचा उंच पूल म्हणजे पुरात वाहून येणाऱ्या झाडांसाठी चाळणी. बॉसकॅसलमध्ये झाडं आणि गाड्या पुलाखाली अडकल्या, पाणी तुंबलं आणि वस्तीत घुसलं. फरशीवरून पाणी निदान निघून तरी जातं. माणूस तेवढा वेळ तिच्यावर नसला म्हणजे झालं.

पैशांच्या बाबतीत खरी अडचण अशी की खर्चाचा क्रम ठरतो तो किती लोकांना फायदा होईल यावर. दिवसाला चाळीस वाहनं जाणारा पूल या हिशेबात कधीच वर येणार नाही. हा हिशेब ऐकायला न्याय्य वाटतो. पण त्याचा अर्थ असा निघतो की विरळ वस्तीत राहणाऱ्या माणसाने आपला जीव स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळावा, कारण त्याच्या आजूबाजूला पुरेशी माणसं नाहीत. वीज आणि टपाल पोचवताना आपण हा तर्क लावला नाही. पुराच्या इशाऱ्याला तो का लावायचा? जागतिक हवामान संघटना म्हणते की जगात अचानक पुरांत वर्षाला पाच हजारांहून अधिक माणसं मरतात. ती एका ठिकाणी मरत नाहीत. इथे दोन, तिथे चार अशी मरतात. कुठल्याच एका पुलाच्या यादीत तो आकडा भरत नाही.

खोट्या इशाऱ्यांचा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. पाच वेळा भोंगा वाजला आणि काही झालं नाही तर सहाव्यांदा कोण उठेल? यावर इशारे कमी करणं हा उपाय नाही, ते लहान करणं आहे: जिल्ह्याऐवजी ओढा, दिवसाऐवजी तीन तास. आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगणं, की काल भोंगा का वाजवला, वरच्या अंगाला किती पाऊस झाला, पाणी कुठवर आलं आणि का थांबलं. हे ‘दुसऱ्या दिवशीचं सांगणं’ मी कुठल्याही आराखड्यात वाचलेलं नाही. लोकांचा विश्वास इशाऱ्याच्या रात्री कमावता येत नाही, तो अशा रिकाम्या सकाळी कमवावा लागतो.

जमिनीबद्दल बोलताना खेड्यानेही स्वतःकडे बघायला हवं. ओढ्याच्या काठापर्यंत नांगर नेणारे, पात्रात माती लोटून चार गुंठे वाढवणारे, नळ्याच्या तोंडाशी काडीकचरा टाकणारे बाहेरून येत नाहीत. ओढा मात्र आपली जुनी रुंदी विसरत नाही. स्पेनमधल्या बिएस्कास इथे ७ ऑगस्ट १९९६ ला डोंगरी ओढ्याचा लोंढा एका पर्यटक तळावर आला, ८७ जण गेले. तळ होता ओढ्याच्या तोंडाशी साचलेल्या गाळाच्या पंख्यावर. अशी जागा सपाट असते, सुंदर असते आणि तशी बनते ती ओढ्याने हजारो वर्षं तिथेच पूर ओतल्यामुळे. वरच्या अंगाचे लहान बंधारे लोंढ्याने फोडले आणि त्यांच्यामागचा गाळही खाली आला. २००५ मध्ये न्यायालयाने भरपाईची जबाबदारी प्रशासनावर टाकली. परवानगी देणाऱ्याची सही तिथे पहिल्यांदा पुराच्या कारणांमध्ये मोजली गेली, असं मी समजतो.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ ही भाषाही याच कामी येते. दर वर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर तीस वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता सव्वीस टक्के असते. तीस वर्षं म्हणजे एका घराचं कर्ज. शिवाय हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते, तेव्हा जुन्या नोंदींवर काढलेलं ‘शंभर’ आता शंभर राहिलं आहे का, हा प्रश्न उरतोच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधलं ग्रँथम हे छोटं गाव १० जानेवारी २०११ ला असंच धुऊन गेलं. तिथल्या स्थानिक परिषदेने वरची जमीन घेतली आणि लोकांना खालच्या प्लॉटच्या बदल्यात वरचा प्लॉट दिला. वर्ष संपायच्या आत पहिली कुटुंबं वर राहायला गेली होती. सक्ती नव्हती, काही जण खालीच राहिले. गाव हलवणं म्हणजे पिढ्यांचं काम असं आपण धरून चालतो, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

पुरानंतरच्या अहवालांत काय असतं? पाऊस किती मिलिमीटर, पिकं किती हेक्टर, जनावरं किती, घरं किती, मदत किती. एक रकाना नसतो तो वेळेचा. वरच्या गावात पाऊस सुरू झाला किती वाजता, ओढा फरशीला टेकला किती वाजता, इशारा निघाला किती वाजता, पुलापाशी पोचला किती वाजता, आणि गाडी पाण्यात गेली किती वाजता. हे पाच आकडे प्रत्येक मृत्यूसाठी लिहायला लावले, तर ‘ढगफुटीसदृश’ हा शब्द अहवालात घालायला जागा उरते का ते बघता येईल. बहुतेक ठिकाणी चौथा रकाना रिकामा निघेल.